तर्कदोषांची यादी नंतर, आधी युक्तिवाद मांडायला शिका

चिकित्सक विचार शिकायला बसलेला नवखा माणूस सहसा पहिल्याच आठवड्यात तर्कदोषांची, म्हणजे युक्तिवादातल्या ठरावीक चुकांची, यादी पाठ करतो. वीस-पंचवीस लॅटिन आणि इंग्रजी नावं, प्रत्येकाला एक गमतीदार उदाहरण. दुसऱ्या आठवड्यात ती नावं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांवर वापरून होतात आणि तिसऱ्या आठवड्यात काका ग्रुप म्यूट करतात. त्यांचं मत बदललेलं नसतं आणि शिकणाऱ्याच्या हातीही काही लागलेलं नसतं. दोषाला नाव देणं हे या विद्येतलं सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर ते फारसं महत्त्वाचंही नाही. समोरचा नेमकं काय म्हणतोय आणि कशाच्या जोरावर म्हणतोय, हे कागदावर उतरवणं हे मुख्य काम. मेहनत जवळजवळ सगळी तिथेच लागते.

ही तक्रार जुनी आहे. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी १९७० साली पाठ्यपुस्तकांतल्या तर्कदोषांच्या प्रकरणांवर चांगलेच कोरडे ओढले होते: ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली यादी, तीच झिजलेली उदाहरणं आणि त्यांच्यामागे सिद्धांत म्हणावा असं काहीच नाही. त्याआधी १९५८ मध्ये ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी दाखवून दिलं होतं की रोजच्या व्यवहारातले युक्तिवाद भूमितीतल्या सिद्धतेपेक्षा कोर्टातल्या वादाच्या जास्त जवळचे असतात. दावा, पुरावा, पुराव्यावरून दाव्यापर्यंत नेणारा नियम, त्या नियमाला आधार, 'बहुधा'सारखा खात्रीचा दर्जा आणि 'अमुक नसेल तर' असा अपवाद, असे सहा भाग त्यांनी वेगळे केले. १९७८ मध्ये कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात राल्फ जॉन्सन आणि अँथनी ब्लेअर यांनी परिषद भरवली आणि अनाकारिक तर्कशास्त्र, म्हणजे रोजच्या भाषेतले युक्तिवाद तपासणारी शाखा, स्वतःच्या पायावर उभी राहिली.

अकरावी-बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र घेतलेल्यांची एक अडचण इथे सांगून टाकतो. सत्यता कोष्टकं (विधानं खरी-खोटी धरून युक्तिवाद तपासायचे तक्ते) मांडायची सवय झालेली असते. तिथे युक्तिवाद युक्त (वैध) की अयुक्त हे आकारावरून ठरतं, आत काहीही भरा. अग्रलेख, वकिलाचा अर्ज किंवा डॉक्टरचा सल्ला त्या कोष्टकात मावत नाही. तिथे 'भक्कम', 'बरा', 'लंगडा' अशा पायऱ्या असतात. शिवाय एक नवी माहिती आली की कालचा भक्कम युक्तिवाद आज लंगडा होतो. हे पचायला थोडा वेळ लागतो.

मुळात युक्तिवाद आहे का?

ही दोन वाक्यं बघा. 'रस्त्यावर पाणी साचलंय, कारण नाला तुंबलाय.' 'रात्री पाऊस झाला असणार, कारण रस्ता ओला आहे.' दोन्हीत 'कारण' आहे, पण पहिल्यात युक्तिवाद नाही. पाणी साचलंय हे दोघांनाही दिसतंय, ते पटवून द्यायचं नाही. ते का साचलं एवढंच सांगायचं आहे, म्हणजे हे स्पष्टीकरण झालं. दुसऱ्यात पाऊस झाला हे पटवायचं आहे आणि ओला रस्ता हा पुरावा आहे. ओळखायची चाचणी सोपी आहे: 'कारण'च्या अलीकडची गोष्ट वादात आहे की सगळ्यांना मान्य आहे? वादात असेल तर युक्तिवाद, मान्य असेल तर स्पष्टीकरण. नवखे लोक स्पष्टीकरणावर 'पुरावा अपुरा' असा शेरा मारतात. नवख्यांच्या चुकांत हिचा नंबर फार वरचा आहे.

नुसतं वर्णन, तक्रार, चिडचिड, आठवणी यांनाही युक्तिवाद समजू नये. अग्रलेखातली अर्धी वाक्यं याच जातीची असतात. पेन्सिलीने त्यांच्यावर हलकी रेघ मारून पुढे जायचं.

निष्कर्षाच्या खुणा भाषेतच असतात: म्हणून, तेव्हा, थोडक्यात, यावरून, साहजिकच. सरकारी कागदांत आणि कोर्टात 'सबब', 'यास्तव' आणि ती भारदस्त जोडी, 'ज्याअर्थी... त्याअर्थी'. सरावासाठी शासन निर्णय फार उपयोगी पडतात, कारण तिथे प्रस्तावनेत आधार आणि 'शासन निर्णय' या मथळ्याखाली निष्कर्ष असे कप्पे आयतेच पाडलेले असतात. आधारांच्या खुणा म्हणजे कारण, की ज्यामुळे, बघा ना, शेवटी. निष्कर्ष प्रश्नाच्या रूपातही येतो. 'मग कशाला हवा हा खर्च?' म्हणजे 'हा खर्च करू नये.' असा प्रश्न वहीत उतरवताना सरळ विधान करून लिहायचा, नाहीतर पुढे तपासायला काही उरतच नाही.

'च' कुठे बसलाय हे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. 'शिकवणी लावलेलीच मुलं पास होतात' आणि 'शिकवणी लावलेली मुलं पासच होतात' ही दोन अगदी वेगळी विधानं आहेत. पहिलं म्हणतं की पास व्हायला शिकवणी आवश्यक आहे. ते खोडायला शिकवणीशिवाय पास झालेला एक मुलगा पुरे. दुसरं म्हणतं की शिकवणी लावली की काम झालं, म्हणजे ती पर्याप्त आहे. ते खोडायला शिकवणी लावून नापास झालेला मुलगा हवा. क्लासची जाहिरात पहिलं सिद्ध करते आणि पालकांच्या गळी दुसरं उतरवते. आवश्यक आणि पर्याप्त यांची गल्लत ज्याला बोलता बोलता पकडता येते, त्याचा अर्धा अभ्यास झाला.

एक परिच्छेद सोडवून बघू

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. त्या सुमाराला दोन्ही बाजूंनी बरंच लिहून आलं. त्या धाटणीचा, सरावासाठी रचलेला हा परिच्छेद:

'आमच्या गावच्या शाळेने गेल्या वर्षी सकाळी सातची वेळ बदलून नऊ केली. यंदा दहावीचा निकाल ८१ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेला. झोप पूर्ण झाली की मुलांचं लक्ष लागतं हे तर शेंबडं पोरही सांगेल. सबब जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळा नऊलाच भरवाव्यात.'

आधी तळाशी निष्कर्ष लिहा: जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळा सकाळी नऊला भरवाव्यात. मग वर आधारविधानं, प्रत्येक वेगळ्या ओळीवर, क्रमांक देऊन. (१) या शाळेने गेल्या वर्षी वेळ सातवरून नऊ केली. (२) निकाल ८१ वरून ८९ टक्के झाला. (३) झोप पूर्ण झाली की लक्ष लागतं. 'शेंबडं पोरही' हा आधार नाही, तो दटावण्याचा सूर आहे. तो गाळा.

आता १, २, ३ वाचा आणि थेट निष्कर्षावर उडी मारून बघा. मधे खड्डा आहे. तो बुजवायला न बोललेली विधानं लागतात, ती चौकटी कंसात लिहायची, म्हणजे ही लेखकाची नसून आपण घातलेली आहेत हे लक्षात राहतं. [क] निकालातली वाढ वेळ बदलल्यामुळे झाली. [ख] इथे जे झालं ते जिल्ह्यातल्या इतर शाळांतही होईल. [ग] नऊला शाळा भरवण्याचे तोटे या फायद्यापेक्षा कमी आहेत. आणि एक बारीकसं, जे हमखास सुटतं: [घ] शाळा उशिरा भरली तर मुलं खरोखर जास्त झोपतील, रात्री तेवढीच उशिरा झोपणार नाहीत.

लेखकाने जे छापलं त्यात वादाला जागाच नव्हती. १ आणि २ आकडे आहेत, ३ सगळ्यांना मान्य. सगळा वाद कंसात आहे. हे बहुतेक वेळा असंच असतं: जे विधान पेलवणार नाही ते माणूस उच्चारत नाही, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप भरलं जातं.

मग एकेक कंस तपासायचा. [क] साठी पहिला प्रश्न शाळेच्या पटाचा. दहावीला दोन्ही वर्षी ३७ मुलं असतील, तर ८१ टक्के म्हणजे ३० आणि ८९ टक्के म्हणजे ३३. सगळी वाढ तीन मुलांची! तीन मुलं इकडची तिकडे व्हायला एखादा गणिताचा नवा शिक्षक पुरतो. दुसरा प्रश्न: जिथे वेळ बदलली नाही त्या शेजारच्या शाळांचा निकाल त्याच वर्षी किती वाढला? तोही सात-आठ टक्क्यांनी वाढला असेल, तर पेपर सोपा होता एवढंच कळतं. तिसरा: मागच्या वर्षीचा निकाल नेहमीचा होता की अचानक पडलेला? अचानक पडलेला आकडा पुढच्या वर्षी काहीही न करता बहुधा वर येतो, आणि नेमकं त्या वेळी जे काही केलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, ही म्हण सगळ्यांना येते. पण फांदी आधीच किडलेली होती का आणि कावळा न बसलेल्या फांद्यांचं काय झालं, हे विचारायची सवय लावून घ्यावी लागते.

[ग] मध्ये शहरी शाळांचा जीव अडकलेला आहे. एकाच इमारतीत सकाळी एक आणि दुपारी दुसरं सत्र चालत असेल, तर नऊचा अर्थ दुपारचं सत्र संध्याकाळी उशिरा सुटणार असा होतो. लेखक गावातला, त्याच्या शाळेत एकच सत्र, म्हणून त्याला हे सुचलंही नसेल. खोटेपणा नाही, नजरेआड राहिलं इतकंच.

इतकं झाल्यावर एका वाक्यात निकाल लिहा, आणि तो मोजून-मापून लिहा: 'या परिच्छेदावरून एवढंच म्हणता येतं की वेळ बदलल्याने या शाळेचं निदान नुकसान झालेलं दिसत नाही, जिल्हाभर लागू करायला हा आधार पुरत नाही.' निष्कर्ष चुकीचा आहे असं लिहू नका. लंगड्या युक्तिवादाचा निष्कर्षही खरा असू शकतो. शाळा उशिरा भरवण्याच्या बाजूने दुसरे, चांगले युक्तिवाद असतीलही, ते इथे आलेले नाहीत.

हे करताना चुकतं कुठे?

कंसातलं विधान गरजेपेक्षा जड केलं जातं. 'तो कोकणातला आहे, त्याला मासे आवडत असणार' यात [कोकणातल्या सगळ्यांना मासे आवडतात] असं भरलं की पुढच्या मिनिटाला एक शाकाहारी कोकणी माणूस उभा करून युक्तिवाद पाडता येतो. पण बोलणाऱ्याने 'असणार' म्हटलं आहे, म्हणजे तो शक्यतेबद्दल बोलतोय. [बहुतेकांना आवडतात] एवढं त्याला पुरतं. नियम असा: निष्कर्षापर्यंत पोचवील इतपत विधान घाला, त्याहून तसूभरही जास्त नको. दुसऱ्याचं म्हणणं वेडंवाकडं करून मग ते झोडपण्याची खोड इथेच जन्माला येते, आणि बऱ्याचदा करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

दोन वाचनं शक्य असतील तर त्यातलं भक्कम वाचन घ्यावं. पण उदारपणाला हद्द हवी. लेखकाने केलेला नाही असा सुंदर युक्तिवाद आपणच रचून त्याच्या नावावर टाकायचा नाही. वही त्याच्या युक्तिवादाची आहे.

आधारांची गुंफणही बघायला हवी. काही आधार हातात हात घालून उभे असतात, एक काढला की दुसरा पडतो. वरच्या उदाहरणातले १ आणि २ तसे आहेत. काही स्वतंत्र असतात. ३ एकटं उभं राहू शकतं. स्वतंत्र तीन आधारांपैकी एक पाडून 'सगळं खोडलं' म्हणणारे वादपटू टीव्हीवर रोज दिसतात.

तपासणीच्या चाचण्या तीनच, जॉन्सन-ब्लेअर यांच्या: आधार स्वीकारण्याजोगा आहे का, निष्कर्षाशी संबंधित आहे का, आणि सगळे मिळून पुरेसे आहेत का. पहिल्या चाचणीत क्रियापदांवर लक्ष ठेवा. 'समजते', 'बोलले जाते', 'असे मानण्यात येते' यांत कर्ता गायब असतो. वहीत तिथे 'कोण?' असं लिहायचं. दुसऱ्या चाचणीत बहुतेक प्रसिद्ध दोष येऊन जातात: मुद्दा सोडून माणसावर घसरणं, 'तू तरी कुठे धुतल्या तांदळाचा' म्हणणं, सगळे म्हणतात म्हणून मान्य करणं. 'तू तरी कुठे' याचा अपवाद मात्र लक्षात ठेवा. निष्कर्ष त्या माणसाच्या विश्वासार्हतेबद्दलच असेल, म्हणजे साक्षीदार किंवा उमेदवार, तर त्याचं पूर्वचरित्र अगदी संबंधित असतं. यादी पाठ केलेले लोक नेमके इथे तोंडावर पडतात.

पुरेसेपणात आकडे येतात

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण पातेल्यातल्या प्रत्येक शिताला तेच पाणी आणि तीच आच मिळालेली असते. माणसांचं तसं नसतं. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत मिळवल्या आणि लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून उचलली होती, आणि मंदीच्या काळात फोन-मोटार असणारे लोक वेगळे होते. शिवाय पत्रिका परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्यातही फरक होता. तेव्हा नमुना किती मोठा हा प्रश्न दुसरा. नमुन्यात कोण आलं आणि कोण आपोआप गळलं हा पहिला. गूगल फॉर्मवरच्या प्रत्येक 'सर्वेक्षणा'ला हाच प्रश्न लावा.

टक्क्यांनी डोकं फिरलं की हजार माणसं समोर उभी करायची. १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना विचारलं गेलं: एखादा आजार हजारात एकाला असतो, चाचणी निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता किती? फक्त ११ जणांनी बरोबर उत्तर दिलं. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर ९५ टक्के होतं. हजार माणसं मांडा: एक आजारी, तो पकडला गेला असं धरू. उरलेल्या ९९९ पैकी ५ टक्के म्हणजे सुमारे ५० निरोगी लोक चुकून पॉझिटिव्ह. एकूण ५१ पॉझिटिव्ह, त्यात आजारी एक. साधारण २ टक्के. बीजगणित लागलं नाही, कॅल्क्युलेटरही नाही.

हीच चूक कोर्टात झाली तेव्हा इंग्लंडमध्ये एक आई तुरुंगात गेली. सॅली क्लार्क या सॉलिसिटर बाईंची दोन तान्ही मुलं १९९६ आणि १९९८ मध्ये दगावली आणि १९९९ मध्ये त्यांना खुनी ठरवण्यात आलं. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं की अशा घरात दोन अर्भकं नैसर्गिकरीत्या अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. हा आकडा ८,५४३ ला ८,५४३ नेच गुणून आला होता. वहीत मांडलं तर कंसात दोन विधानं येतात. [दोन मृत्यू एकमेकांशी असंबंधित आहेत]: पण दोन्ही भावंडं, जनुकं तीच, घर तेच, म्हणजे गुणाकारच चुकीचा. [निर्दोष असताना असं घडणं दुर्मिळ आहे, म्हणून निर्दोष असणं दुर्मिळ आहे]: इथे विधान उलटं झालं. आईने दोन्ही मुलांना मारणं हेही अत्यंत दुर्मिळच आहे. दोन दुर्मिळ शक्यतांची तुलना करायला हवी होती, ज्यूरीपुढे त्यातल्या एकाच शक्यतेचा आकडा ठेवला गेला. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर हरकत घेतली. २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. त्यात बचाव पक्षापासून दडून राहिलेले वैद्यकीय अहवाल हेही मोठं कारण होतं.

तज्ज्ञाचं म्हणणं घ्यायचं की नाही?

'तज्ज्ञ म्हणतो म्हणून' हा दोष आहे असं अर्ध्या याद्यांत लिहिलेलं असतं. हे साफ चूक आहे, आपण औषधं दुसऱ्या कुठल्या आधारावर घेतो? न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, तर आप्ताचा शब्द हे प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीतलं चौथं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन आहे. आप्त कोण, तर ज्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे आणि जसं कळलं तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे. तपासायच्या जागा याच व्याख्येत आहेत. विषय त्याचाच आहे का? (मेडो बालरोगतज्ज्ञ होते, आकडेतज्ज्ञ नव्हते.) जसं कळलं तसं सांगण्यात त्याचं नुकसान किंवा फायदा आहे का? कॅनडाच्या डग्लस वॉल्टन यांच्या प्रश्नावलीतले आणखी दोन प्रश्न जोडून घ्या: त्याच क्षेत्रातले बाकीचे काय म्हणतात, आणि तो नेमकं काय म्हणाला, की ध चा मा होऊन आपल्यापर्यंत आलं?

न्यायदर्शनातून घ्यावी अशी दुसरी गोष्ट म्हणजे वाद, जल्प आणि वितंडा हा भेद. खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडायला वितंडा. समोरचा जल्प करत असेल तर तुमची नीटनेटकी वही तिथे निरुपयोगी आहे, वेळ वाचवा.

परीक्षांसाठी

यूपीएससी पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, सीसॅट, २०१५ पासून फक्त पात्रतेचा आहे: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. उतारावाचनात 'पुढीलपैकी कोणतं गृहीतक' असे प्रश्न येतात, गृहीतक म्हणजे आपलं कंसातलं न बोललेलं विधान. कायद्याच्या क्लॅट परीक्षेत २०२० पासून तर्काचा भाग मुख्यतः उताऱ्यांवर बेतलेला आहे. नुसती बैठकव्यवस्था आणि नातेसंबंधांची कोडी घोटून तिथे भागत नाही.

गृहीतकाच्या प्रश्नाला नकाराची चाचणी लावायची. उतारा म्हणतो, 'सायकल मार्गिका बांधल्या तर कोंडी कमी होईल.' पर्याय अ: मार्गिका झाल्यावर काही लोक गाडी सोडून सायकल वापरतील. पर्याय ब: सायकल आरोग्याला चांगली. दोन्ही नाकारा. 'एकही माणूस गाडी सोडणार नाही' म्हटलं की युक्तिवाद कोसळतो, म्हणून अ गृहीतक. 'सायकल आरोग्याला चांगली नाही' म्हटलं तरी कोंडीच्या मुद्द्याला धक्का नाही, ब गेला. नकार मात्र अचूक हवा. 'सर्व'चा नकार 'सर्व नाहीत', 'एकही नाही' नव्हे. 'काही'चा नकार 'एकही नाही'. इथे गडबड झाली की चाचणी उलटं उत्तर देते.

उताऱ्याबाहेरचं खरं ज्ञान परीक्षेत घात करतं. चालू घडामोडी पाठ असणाऱ्यांना हा त्रास जास्त. एक पर्याय वस्तुस्थिती म्हणून खरा असतो, पण उताऱ्यावरून निघत नाही, आणि हात तिकडेच जातो. बँकेच्या परीक्षांतले 'युक्तिवाद प्रबळ की दुर्बल' हे प्रश्न मात्र बरेचसे संकेतावर चालतात. त्यांची उत्तरं जुन्या प्रश्नपत्रिका बघूनच कळतात, त्यावर तात्त्विक वाद घालण्यात अर्थ नाही.

सराव कसा करायचा

पहिले दोन आठवडे रोज एक छोटा मजकूर, २०० ते ३०० शब्दांचा, त्याहून मोठा नको. वाचकांची पत्रं उत्तम: छोटी असतात, एकच मुद्दा असतो आणि कंसात भरायला भरपूर जागा असते. फक्त निष्कर्ष आणि आधार लिहा, मत अजिबात नोंदवू नका. वीस मिनिटं पुरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंसातली विधानं. इथे वेग निम्मा होतो, ते साहजिक आहे. पाचव्यापासून तीन चाचण्या आणि एका वाक्यातला निकाल. तर्कदोषांची नावं सहाव्या आठवड्यात वाचायला घ्या. तोपर्यंत त्यातले बरेचसे तुम्हाला नावाशिवाय सापडलेले असतील.

आठवड्यातून दोन मजकूर असे निवडा ज्यांचा निष्कर्ष तुम्हाला आधीपासून पटलेला आहे. न पटणाऱ्या लेखातले खड्डे कुणालाही दिसतात. आपल्या बाजूच्या लेखातला कंस भरताना पेन अडखळतो, आणि तिथे 'हे तर उघडच आहे' असं लिहावंसं वाटलं की थांबून तेच विधान पुन्हा तपासायचं.

सोबत कुणी असेल तर जोडीने करा. एकाने एखादं मत दोन मिनिटं मांडायचं, दुसऱ्याने ते आधार आणि कंसांसकट लिहून वाचून दाखवायचं. मांडणाऱ्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत दुसऱ्याला आक्षेप घ्यायची परवानगी नाही. पहिल्या काही बैठकांत तीन-तीन, चार-चार वेळा लिहावं लागतं. कधी मांडणाराच मधे म्हणतो की नाही, हे कंसातलं मला मान्य नाही. मग त्याला विचारा की ते काढल्यावर निष्कर्ष कसा उभा राहतो, आणि नवी ओळ त्याच्याकडूनच लिहून घ्या. पुस्तक हवं असेल तर अकरावी-बारावीचं मराठी माध्यमाचं 'तर्कशास्त्र' बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं. त्यातली सत्यता कोष्टकं पहिल्या वाचनात ओलांडून विगामी अनुमान (उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढणं) आणि तर्कदोष यांपासून सुरुवात केली तरी काही अडत नाही.